यादीतलं नाव

घिवली ही माझी सासुरवाडी नव्हे, सासुरवाडीचं आजोळ. म्हणजे आमच्या सौभाग्यवतीच्या मामांचं गाव. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनवर उतरावं, रिक्षात कायद्याने जितकी माणसं बसू शकतात ती बसून झाल्यावर उरलेली जागा आपण घ्यावी, आणि समुद्राचा नि सुकत्या बोंबलांचा वास एकदमच आला की 'थांबव रे' म्हणावं. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून हा प्रवास फारच सोपा झाला आहे. त्यामुळे तो टाळायला पूर्वी जी कारणं चालत, ती आता चालत नाहीत.

भाचीचा नवरा म्हणून त्या गावात माझा दर्जा काय, याचा मी बराच विचार केला आहे. जावई हा एक प्रकारचा परदेशी नागरिक असतो. सन्मान भरपूर, हक्क शून्य. पंगतीत पहिलं पान माझं, ताटातली सरंग्याची मधली तुकडी माझी, पण विहिरीवर पंप बसवावा की नको, या विषयावर मी तोंड उघडलं की सगळे प्रेमाने हसतात आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढतात. या भाकरीचा अर्थ 'आपण आमच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये' असा आहे, हे कळायला मला पाच वर्षं लागली. व्हिसा साधारण तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी सकाळी मामी चहाचा कप पुढे ठेवत विचारतात, "जावई, मुंबईला पाऊस कसा काय आहे?" हा प्रश्न हवामान खात्याचा नसून परराष्ट्र खात्याचा असतो.

मामांच्या घराला एक प्रशस्त ओटा आहे आणि संध्याकाळी त्या ओट्यावर जगाचा कारभार चालतो. जगाचा असं मी मुद्दाम म्हणतो. कारण गावाच्या कारभाराला तिथे कोणी हात लावत नाही. गटार, दिवाबत्ती, नळाचं पाणी असल्या क्षुल्लक बाबी ओट्यावरच्या मंडळींना कमीपणाच्या वाटतात. चर्चेचा विषय एकच : देशाला खरी कुठली राज्यपद्धती मानवेल? गेली अनेक वर्षं हा प्रश्न ओट्यावर प्रलंबित आहे, आणि देश बिचारा तोवर आहे त्याच पद्धतीवर दिवस काढतो आहे.

मामा स्वतः राजेशाहीवादी. रेल्वेच्या माल कचेरीत पस्तीस वर्षं काढल्यामुळे, निर्णय एकाच माणसाने घ्यावा आणि तो माणूस दुसऱ्या स्टेशनवर असावा, असं त्यांचं ठाम मत बनलेलं आहे. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ लष्करी राजवटीचे. त्यांनी आयुष्यात बंदूक पाहिली ती स्टेट बँकेच्या दारातली. पण 'दोन वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ येतील' हे वाक्य ते रजिस्टर पत्रासारखं प्रत्येकाच्या हातात सही घेऊन देतात. तिसरे सभासद म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. १९६९ साली तारापूरला देशातली पहिली अणुवीज तयार झाली, तेव्हापासून या भागात इंजिनियर या शब्दाला वेगळंच वजन आहे. त्यांचं म्हणणं, राज्य तज्ज्ञांनी करावं. वीज खात्याला वीजतज्ज्ञ, शेती खात्याला शेतीतज्ज्ञ, मासेमारीला मत्स्यतज्ज्ञ, निवडणूकबिवडणूक बंद. चौथा मामांचा पुतण्या. कॉलेजात आहे. त्याला मुळात सरकारच नको आहे. सरकार नसलं की माणूस आपोआप चांगला होतो, असं त्याने कुठेसं वाचलं आहे. (सरकार नसेल तर त्याची शिष्यवृत्ती कोण देणार, हा प्रश्न मामींनी एकदा विचारला. त्यावर त्याने 'संक्रमणकाळात थोडं सरकार ठेवावं लागेल' अशी सवलत दिली.)

आणि पाचवे गुरुजी. गुरुजी पंचायतवादी. त्यांच्याकडे मतांपेक्षा माहिती जास्त, म्हणून त्यांना ओट्यावर बोलायला सर्वांत कमी वेळ मिळतो.

"राजेशाहीच हवी असेल तर औंधसारखी हवी," गुरुजी म्हणाले. "१९३९ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी स्वतःहून राज्यघटना दिली आणि कारभार गावागावांच्या पंचायतींच्या हाती सोपवला. खुद्द गांधीजींनी त्यात लक्ष घातलं होतं. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर आणि राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, यांनी त्यासाठी खपून काम केलं. राजाने आपण होऊन राज्य सोडलं, मामा!"

"सोडलं ना? म्हणजे आधी राजा असावा लागतो," मामा म्हणाले. राजेशाहीचा एवढा सोपा बचाव कुठल्याही राजाला सुचला नसेल.

"ते राजेसाहेब प्रजेला सूर्यनमस्कार घालायला सांगायचे," गुरुजींनी जाता जाता माहिती पुरवली. त्याबरोबर मामांचा उत्साह थोडा मावळला. त्यांचे गुडघे दुखतात.

मग गाडी साताऱ्याकडे वळली. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सातारा जिल्ह्यात इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवलं; गावात न्यायदान केलं, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, हुंड्याच्या नि खर्चाच्या लग्नांना फाटा दिला. "म्हणजे सरकार असताना दुसरं सरकार!" पुतण्याला हे फार आवडलं. 'सरकार नको' म्हणणाऱ्याला एकदम दोन सरकारं कशी चालतात, हे कोणी विचारलं नाही. ओट्यावर तसं विचारायची पद्धत नाही.

तज्ज्ञांच्या राज्याची बाजू त्या दिवशी खरोखरच मजबूत मांडली जात होती. तंत्रज्ञसाहेब म्हणाले, "अणुभट्टीची कांडी किती आत घालायची, यावर तुम्ही मतदान घ्याल का?" सगळे गप्प. मतदानाने कांडी घालणारी अणुभट्टी दोन मैलांवर असावी, असं कोणालाच वाटेना. तज्ज्ञांच्या राज्याची स्थापना आता काही क्षणांवर आली होती. तेवढ्यात बत्ती गेली.

अंधारात मामींचा आवाज आला, "कांडी तुम्ही घाला हो. पण ती कोणाच्या अंगणात घालायची, हे विचारायला नको का?"

या वाक्यावर कोणी हसलं नाही. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही शेजारची दोन गावं आपल्या जागेवरून उठली. २००५-०६ साली त्या भट्ट्या सुरू झाल्या आणि गावं बोईसरच्या बाजूला नव्या वसाहतीत गेली. देशाला वीज लागते, हे खरंच. पण किनाऱ्यावरचं गाव आत नेऊन ठेवलं की त्याचा पत्ता बदलतो आणि समुद्र जुन्याच पत्त्यावर राहतो. घिवलीत याबद्दल मोठमोठी भाषणं होत नाहीत. इथल्या बऱ्याच घरांत तिकडे दिलेली मुलगी किंवा तिकडून आणलेली सून असते; त्यामुळे विषय निघाला की माणसं जरा आवाज खाली आणतात, एवढंच.

बत्ती आली आणि गुरुजींनी सूत्रं हाती घेतली. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबारात पाच जण पडले, ही या भागातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असलेली गोष्ट. सातपाटी, मुरबे, सालवड, नांदगाव अशा आपल्याच आसपासच्या गावांतली ती माणसं. "एक लक्षात घ्या," गुरुजी म्हणाले, "ते पाचजण गेले तेव्हा कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. इंग्रज बादशहाची प्रजा होते. नागरिक झालो आपण. आयते."

"नागरिक म्हणजे काय हो पण?" पोस्टवाले म्हणाले. "मतं देण्यापलीकडे आपल्याला काय मिळतं?"

ओट्याच्या खालच्या पायरीवर एक गृहस्थ नेहमी जाळं शिवत बसलेले असतात. ते ओट्याचे सभासद नाहीत. त्यांना फक्त ओट्यावरच्या दिव्याचा उजेड हवा असतो. जून-जुलैची मासेमारीबंदी होती, म्हणून ते घरी होते. एरवी गुजरातच्या मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. आमच्या पालघर-डहाणूकडचे कितीतरी जण जातात. त्यांनी सुतळी दाताने तोडली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मी सांगतो. मला विचारलंय तिकडे."

तिकडे म्हणजे कराचीला. समुद्रात रेघ काढलेली नसते. तिकडच्या सर क्रीकच्या बाजूला तर सरहद्द दोन्ही देशांनी अजून नक्की केलेली नाही. मासा जिकडे जातो तिकडे बोट जाते, आणि बोट जिकडे जाते तिकडे खलाशी जातो. त्यांची बोट एका रात्री धरली गेली आणि हे मालीरच्या तुरुंगात गेले. अंगावर बनियन, खिशात काही नाही. ओळखपत्रं बोटीबरोबर गेली.

"शिक्षा संपली तरी सोडत नाहीत," ते म्हणाले. "आधी आपल्याकडून लिहून यावं लागतं, की हा माणूस आमचा आहे. आपल्या वकिलातीचा साहेब आला. मला म्हणाला, नाव? सांगितलं. बापाचं नाव? सांगितलं. गाव? तालुका? पोलीस ठाणं? पोलीस पाटील कोण? सरपंच कोण? देवळाला लागून काय आहे? मी म्हटलं, साहेब, देवळाला लागून आमच्या चुलत्याचं घर आहे आणि त्याने ओटा देवळाच्या जागेत वाढवलाय. साहेब हसला. म्हणाला, बस, हा भारतीय आहे."

आम्ही पण हसलो. ते हसले नाहीत.

"ते कागद इकडे आले. पोलीस माझ्या घरी आले, आईला विचारलं, पंचायतीत विचारलं. मतदार यादीत माझं नाव होतं. रेशनकार्डावर होतं. त्याच्यावरून मी घरी आलो. वाघ्याला गेट उघडलं तेव्हा साहेबाने यादी वाचली. माझं नाव चुकीचं वाचलं. पण वाचलं."

आणि त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, एवढी माहिती मला वर्तमानपत्रातून होती. त्या यादीची वाट बघणाऱ्या घरात जुलैची पहिली तारीख कशी उजाडते, ते वर्तमानपत्रात नसतं. ओट्यावर बराच वेळ कोणी राज्यपद्धती काढली नाही.

यादीत नाव असणं, हेच जर नागरिकत्वाचं मर्म असेल तर बायकांची गोष्ट मोठी गंमतीची आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशाने एका फटक्यात सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना मत दिलं. पण उत्तरेकडे कित्येक ठिकाणी बायका यादीवाल्याला स्वतःचं नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे कडक गणिती गृहस्थ. त्यांनी सांगितलं, असली नावं चालणार नाहीत. परिणामी जवळजवळ २८ लाख बायका यादीतून गळल्या. इंग्रजांची तऱ्हा आणखी निराळी. १८७० पासून १९४८ पर्यंत, मधल्या काही सवलती सोडल्या तर, इंग्रज बाईने परक्या देशातल्या माणसाशी लग्न केलं की तिचं ब्रिटिश नागरिकत्वच जायचं. आपल्याकडे देश जात नाही. गाव जातं.

हे मला मामींमुळे कळलं. मामींचं माहेर याच किनाऱ्यावरचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझी अजून ये-जा आहे. त्या गावात किनाऱ्यालगत एक मोकळी जागा आहे. तिथे बायका पिढ्यान्‌पिढ्या बोंबील वाळवतात. बांबूंच्या वलांडी, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील आणि खाली राखणीला बसलेली एखादी म्हातारी. सुकलेला बोंबील पावसाळ्यातला दोन महिन्यांचा पगार असतो. आणि गावाच्या ग्रामसभेपुढे विषय आला होता, 'सागरकिनारा सुशोभीकरण : बैठक व्यवस्था व वाहनतळ.' जागा तीच.

"करतील हो सगळं नीट," मामा म्हणाले. "लोकशाही आहे." राजेशाहीवादी माणसाला लोकशाहीवर एवढा विश्वास टाकताना मी प्रथमच पाहत होतो.

ग्रामसभेबद्दल माझं अज्ञान शहरी माणसाला शोभेल असंच होतं. गुरुजींनी ते दूर केलं. पंचायत म्हणजे निवडून आलेले पंच. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतले यच्चयावत लोक. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला थेट राज्यघटनेत नेऊन बसवलं आहे. दिल्लीत आपण प्रतिनिधी पाठवतो, मुंबईत प्रतिनिधी पाठवतो. आपण स्वतः जाऊन बसायचं असं या देशात एकच सभागृह आहे आणि ते शाळेच्या व्हरांड्यात भरतं. तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा नावाचं गाव आहे. तिथे सगळा गाव बसतो आणि सर्वांचं एकमत होईपर्यंत उठत नाही. २००९ साली त्या गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळवला.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे गणपूर्ती," गुरुजी खिन्नपणे म्हणाले. "मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. ती जमली नाहीत की सभा तहकूब."

"मग बरंच आहे की. विषय बारगळला."

"तहकूब झालेली सभा पुन्हा भरते. आणि तिला गणपूर्ती लागत नाही."

या वाक्याचं सौंदर्य माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. म्हणजे शंभर माणसं आली नाहीत तर ठराव होत नाही. पण शंभर माणसं एकदा आली नाहीत, की मग दहा माणसांत होतो! लोकांच्या गैरहजेरीचा एवढा चोख उपयोग करणारी पद्धत क्वचितच असेल. अथेन्सच्या प्राचीन लोकशाहीत काही निर्णयांना सहा हजार नागरिक लागत. लोक बाजारातच गप्पा मारत रेंगाळायचे. मग लाल रंगात बुडवलेला दोर दोन्ही टोकांनी धरून त्यांना सभेकडे रेटत नेत. ज्याच्या कपड्यांना रंग लागला तो कामचुकार. (गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा पुतण्याने पायरीवरच्या दोराकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिलं.) अर्थात त्या नागरिकांत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते आणि परगावचे रहिवासी नव्हते. म्हणजे मामी नव्हत्या आणि मीही नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी माहेरी निघाल्या. सोबत मी. मला का नेलं, हे मामींनी सांगितलं नाही. पण रिक्षाचे पैसे मी दिले.

त्यांच्या माहेरी पोचल्यावर मला मामींची खरी अडचण कळली. ज्या जागेसाठी त्या तळमळत होत्या, ज्या वलांडीखाली त्या लहानपणी कावळे हाकलत बसल्या, त्या गावच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. लग्न झालं तेव्हाच ते घिवलीला आलं. आपल्या जन्मगावात त्या माझ्याइतक्याच परदेशी! उलट त्यांच्या तिन्ही भावजया, ज्यांनी हे गाव लग्नाआधी पाहिलंही नव्हतं, त्या पक्क्या नागरिक.

"मला मत नाही," मामी भावजयांना म्हणाल्या, "पण तुम्हाला आहे. आणि बोंबील मी नेत नाही घिवलीला, तुम्हीच विकता."

एवढ्या थोडक्यात प्रचारसभा आटोपलेली मी दुसरी पाहिलेली नाही. दोन दिवस त्या चौघी घरोघर फिरल्या. नियमाप्रमाणे मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. एरवी ती रजिस्टर घरी पाठवून, चुलीपुढे सह्या घेऊन पार पडते म्हणे. या वेळी बायका स्वतःच आल्या आणि रजिस्टर आणणारा शिपाई गोंधळला. सह्यांसाठी बायका हव्यात एवढं त्याला माहीत होतं. बायकाच हजर असल्या तर काय करायचं, याबद्दल त्याला सूचना नव्हत्या.

मुख्य सभेच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्याबाहेर चिंचेखाली उभा होतो, निरीक्षक म्हणून. संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक उभे राहतात तसा. म्हणजे कोणाला अडवायचा अधिकार नाही, चहा मात्र मिळतो. पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे फाटकापाशी रेंगाळत होती. गणपूर्ती होणार नाही, सभा तहकूब होणार, मग जावं कशाला, असा तो विचार होता. प्रत्येकजण दुसऱ्याच्या न येण्यावर विसंबून न येण्याचा हा प्रकार फार जुना असावा. तेवढ्यात डोक्यावर पदर, कडेवर पोरं आणि हातात घरचं काम घेऊन बायकांची रांग आत शिरली. कोणी लसूण सोलत होती, कोणी सोलीव कोलंबीचं पातेलंच घेऊन आली होती. मोजणी झाली. आकडा शंभराच्या पुढे गेला. लाल दोर लागला नाही.

मामी मात्र नियमाने मागे, दाराबाहेर बसल्या. त्यांना बोलायचा अधिकार नव्हता, आणि तो मोडायचा नाही असा त्यांचा निश्चय होता. त्या नुसत्या त्यांच्या धाकट्या भावजयीच्या पाठीमागे बसून कुजबुजत होत्या. भावजय उभी राहून बोलायची, अडली की मागे रेलायची, आणि पुन्हा ताठ होऊन पुढचं वाक्य टाकायची. नाटकात प्रॉम्प्टर असतो तसा. फरक एवढाच, की इथे नाटकही प्रॉम्प्टरनेच लिहिलं होतं.

"बाकडी हवीत, आमची ना नाही," भावजय म्हणाली. "मुंबईचे लोक येऊ देत, बसू देत, समुद्र बघू देत. पण बाकडी देवळाच्या बाजूला घाला. वाळवणाच्या जागेवर नको."

"त्या जागेचा काही कागद आहे का?" पुढून विचारणा झाली.

भावजय मागे रेलली. कुजबुज झाली.

"कागद नाही. सत्तर वर्षं वास आहे."

सगळी सभा हसली, आणि हसलेल्या सभेला विरोधी मतदान करणं जड जातं. ठराव झाला : सुशोभीकरण करावे; वाळवणाची जागा सोडून करावे. गावच्या ग्रामसभेच्या रजिस्टरात हे वाक्य शाईने लिहिलं गेलं. खाली बायकांच्या सह्या. त्यांतल्या एकीने सही करताना सवयीने नवऱ्याचं नाव आधी घातलं, मग ते खोडून आपलं लिहिलं.

परत येताना रिक्षात मी मामींना स्वित्झर्लंडची गोष्ट सांगितली. तिथल्या काही प्रांतांत अजूनही गाव चौकात जमून हात वर करून कायदे करतं. शुद्ध, थेट लोकशाही. मामी कौतुकाने ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि बायका?" मी म्हटलं, देशाच्या निवडणुकीत त्यांना मत मिळालं ते १९७१ साली. ॲपेनझेल नावाच्या एका प्रांतात तर पुरुषांनी १९९० पर्यंत हात वर करकरून बायकांना मत नाकारलं; शेवटी कोर्टाने सांगावं लागलं.

"म्हणजे बायकांना मत नको, हे पुरुषांनी मतदान करून ठरवलं?"

"हो."

"मग आमचा ओटा बराच म्हणायचा," मामी म्हणाल्या. "तिथे मतदानापर्यंत गोष्ट जातच नाही."

ओट्यावर आमच्या विजयाची बातमी गेली तेव्हा चर्चा रंगात आली होती. सरपंच थेट लोकांनी निवडावा की पंचांनी, हा विषय होता. २०१७ साली सरकारने थेट निवडणूक आणली, २०२० साली दुसऱ्या सरकारने ती काढली, २०२२ साली तिसऱ्याने पुन्हा आणली. त्यामुळे ओट्यावरच्या प्रत्येकाला आपण कधी ना कधी बरोबर होतो, असं समाधान होतं. मामांनी बातमी ऐकून घेतली, 'छान झालं' म्हणाले, आणि बायकोकडे एका नव्या नजरेने पाहिलं. मग त्यांनी राजेशाहीत थोडी दुरुस्ती सुचवली. राजा असावाच, पण राणीला विचारल्याशिवाय त्याने काही करू नये. गुरुजी म्हणाले, याला घटनात्मक राजेशाही म्हणतात, इंग्लंडात आहे. मामा म्हणाले, "इंग्लंडात नंतर आली. आमच्याकडे लग्नापासून आहे."

दुसऱ्या वर्षी त्या गावाला मी पुन्हा गेलो. सुशोभीकरण झालं आहे. सिमेंटची बाकडी देवळाच्या बाजूला ठरावाप्रमाणेच घातली आहेत. फक्त ती कशी कोण जाणे, समुद्राकडे पाठ करून बसवली गेली आहेत. मुंबईहून आलेला माणूस त्यांवर बसला, की त्याला समुद्र दिसत नाही. समोर रांगेने वलांडी दिसतात, वाऱ्यावर हलणारे बोंबील दिसतात आणि त्यांच्या राखणीला बसलेल्या बायका दिसतात. त्याही त्याच्याकडे बघत असतात, हा कुठल्या यादीतला, अशा चेहऱ्याने.